पर्समधला फोन आणि डाळिंबाचा दाणा

“मॅडम, नाव बाधतं का हो माणसाला?”

खुर्चीत बसायच्या आधीच काकूंनी हे विचारलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. बाळांच्या नावांचं एक इंग्रजी पान होतं. पर्सेफोनी, मुलगी, ग्रीक, अर्थ ‘मृत्यू आणणारी’.

काकू सांगोल्याकडच्या, घरची डाळिंबाची बाग. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मुलगा मेलबर्नला, सून तिथेच जन्मलेली पण आईवडील ग्रीक. मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती खूप मोठी आहे, त्यामुळे त्यांच्या चालीरीती तिथे अजून घट्ट आहेत. सुनेला सातवा महिना होता, मुलगी होणार हे तिकडे आधीच सांगतात, आणि नावही ठरलं होतं. सुनेच्या आईचं नाव : पर्सेफोनी.

काकांनी पहिल्या दिवशी “पर्समधला फोन” म्हणून विनोद केला आणि विषय सोडून दिला. काकूंनी मात्र भाचीकडून अर्थ शोधून घेतला. त्यानंतर तीन आठवडे धड झोप नाही, मुलाचा फोन आला की “बाबांशी बोल” म्हणून हातात द्यायचा. शेवटी पुण्यातली लेक त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली.

‘नावाचा अर्थ बाळाला बाधतो का’ हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाचदा तरी येतो. कधी राशीच्या अक्षरावरून, कधी एखाद्या पौराणिक बाईच्या नशिबावरून. “सीता नको, फार सोसलं तिनं” हे वाक्य मी कितीतरी आज्यांच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे काकूंचा प्रश्न मला ओळखीचा वाटला, आणि तिथेच मी चुकले. माहिती दिली की भीती जाईल, असं धरून चालले. त्यात कॉलेजात संस्कृत घेतलेलं.

मी सांगायला लागले. ग्रीकमध्ये ‘फेरो’ म्हणजे वाहून आणणं आणि ‘फोनोस’ म्हणजे हत्या. नाव असं फोडलं की मृत्यू आणणारी निघते. पण हे कानाला जुळलं म्हणून लावलेलं फोडकाम. अथेन्सच्या जुन्या भांड्यांवर हेच नाव ‘पेर्सोफाट्टा’ असं वेगळ्याच रूपात लिहिलेलं आहे. त्यावरून काही भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, की पहिला भाग संस्कृतातल्या ‘पर्ष’ या शब्दाचा नातलग, म्हणजे धान्याची पेंढी, आणि दुसरा ‘हन्’ धातूचा, म्हणजे झोडपणं. हे दोन्ही शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ४८ व्या सूक्तात, एकाच ओळीत येतात. खळ्यावरच्या पेंढ्या झोडाव्यात तसं मी शत्रूंना झोडतो, असं तिथे इंद्र म्हणतो. आपलं ‘खळं’ तेच. तेव्हा अर्थ निघतो, पेंढ्या झोडणारी, मळणी करणारी. हे एक मत आहे, शेवटचा शब्द नव्हे, पण मला ते पटतं. आणि या नावाला घाबरणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, हेही मी सांगितलं. प्लेटोच्या ‘क्रातिलस’ या संवादात, म्हणजे जवळजवळ २४०० वर्षांपूर्वी, सॉक्रेटिस म्हणतो की लोक हे नाव चुकीचं फोडतात आणि मग त्याला घाबरतात.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही. निघताना म्हणाल्या, “म्हणजे झोडपणारी. बरं.”

पुढच्या वेळी मी गप्प बसले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “पण ही बाई होती तरी कोण?”

मग गोष्ट सांगितली. डेमीटर ही पिकापाण्याची देवी, तिची ही एकुलती लेक. मैदानात फुलं वेचत असताना जमीन दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून घेऊन गेला. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस रानोमाळ फिरली. पोटात अन्न नाही, अंगावर पाणी नाही.

“नवरात्रच की,” काकू म्हणाल्या.

शेवटी सूर्यानं तिला खरं सांगितलं. तशी ती रुसली, पेरलेलं उगवेना, माणसं उपाशी मरायला लागली. मग देवांच्या राजाला, झ्यूसला, नमतं घ्यावं लागलं. पोरगी परत आली खरी, पण निघताना हेडीसनं तिला डाळिंबाचा एक दाणा खायला घातला होता. पाताळातलं खाल्लं की तिथलं नातं लागतं. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा ती तिकडे, बाकीचा आईपाशी.

डाळिंब म्हटल्यावर काकू ताठ बसल्या. “एका दाण्यावर? आमच्याकडं पोरी पाटीभर खातात.” मग म्हणाल्या, “पण बागेचंही तसंच आहे बघा. पाणी तोडून ताण द्यावा लागतो. सगळी पानं गळतात, नवख्या माणसाला वाटतं बाग वाळली. मग पाणी सोडलं की फुटते, कळी धरते. ताण दिल्याशिवाय बहार नाही.” पुढची दहा मिनिटं मृग बहार, हस्त बहार आणि तेल्या रोग यांत गेली. मी अडवलं नाही. तीन आठवड्यांत त्या पहिल्यांदाच आवाज चढवून बोलत होत्या.

आणि मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “लेक न्यायला संमती कुणाची होती?”

“वडलांची. झ्यूसची.”

“म्हणजे आईला कुणी विचारलंच नाही.”

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. मुलाचं लग्न तिकडेच झालं, त्यांना फोनवर कळलं. मुलगा दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे येतो, त्यातला एक आठवडा मित्रांचा. काकूंचं स्वतःचं बाळंतपण झालं तेव्हा मुलाचं नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. त्यांच्या मनातलं नाव त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही सांगितलं.

मुलगा आणि सून यांच्याबरोबर व्हिडिओवर एक बैठक केली. सुनेचं इंग्रजी आणि काकूंचं मराठी, मधे मी आणि लेक. मी सुनेला सहज विचारलं, हेच नाव का? ती जरा गोंधळली. म्हणाली, त्यांच्या गावाकडच्या रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव द्यायचं असतं. तिला काकूंचंच नाव हवं होतं. तिनं लिहायचा सरावही केला होता. पण नवरा म्हणाला, आमच्यात जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत. मग तिनं स्वतःच्या आईचं घेतलं.

मुलगा कॅमेऱ्याकडे बघेना. ही गोष्ट त्यानं आईला सांगितलीच नव्हती. “आई, तुला वाईट वाटेल असं वाटलं. नातीला रागावताना तुझं नाव घ्यावं लागलं असतं.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. रडतायत असं वाटलं, पण त्या हसत होत्या. “माझं नाव घेऊन धपाटे घालणार होती होय!”

नाव त्यामुळे बदललं नाही, आणि काकूंना ते लगेच आवडलं असंही नाही. पण प्रश्न बदलले. नाव शाळेत उच्चारता येईल का? (ग्रीक माणसं ‘फो’वर जोर देतात, इंग्रज ‘से’वर. सुनेच्या आईला घरात ‘पेर्सा’ म्हणतात.) असं नाव आणखी कुणी ठेवतं का? दुर्मीळ आहे, पण एकटं नाही. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं मोजतं. त्या यादीत पहिल्या हजारात पर्सेफोनी गेल्या काही वर्षांतच आली. ग्रीसमध्ये तर साध्या बायकांचं नाव आहे. आपल्याकडे नचिकेत नाही का? यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेला मुलगा. काकूंच्या नणंदेचा नातू नचिकेतच आहे, आणि तो अजिबात उपाशी राहत नाही असं कळलं.

नाव कधीच बाधत नाही, असं मात्र मी त्यांना म्हटलं नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुशी’ नावाच्या शेकडो मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली गेली. त्या नावाचा अर्थ कुठल्या पानावर शोधावा लागत नाही. घरातलं माणूस हाक मारतं तेव्हा दर वेळी तोच सांगतं. ‘मृत्यू आणणारी’ हे कुणी प्रेमानं हाक मारताना म्हणत नाही. काकू मात्र ते मनात म्हणत होत्या, आणि नात जन्मली तरी म्हणत राहिल्या असत्या, तर मला चिंता वाटली असती. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

नात झाली. बारसं व्हिडिओवर झालं, आत्यानं पुण्यातून फोनमधूनच कुर्र केलं. परवा काकू फोनवर सांगत होत्या, की पर्सेफोनी काही जिभेवर बसत नाही आणि पेर्सा म्हटलं की काकांना परसात कुणी आलं असं वाटतं. त्यांनी वेगळंच धरलंय. विहीणबाई बाळाला सारखं ‘कोरी मू, कोरी मू’ म्हणतात. ग्रीकमध्ये कोरी म्हणजे मुलगी, लेक. पुराणातल्या त्या पोरीचंही हे दुसरं नाव, धाक वाटणारं नाव टाळायला सोयीचं. आपण रात्री सापाला लांबडं म्हणतो तसं.

“आपल्यातही कोरी चांगलंच आहे की,” काकू म्हणाल्या. “कोरी साडी, कोरी पाटी. मी कोरे म्हणूनच हाक मारते. वळून बघती.”

आणि तीट?

“लावायला सांगितली होती, लावतात का कुणास ठाऊक. पण विहीणबाई तिच्यावर तीनदा थू थू करतात, दृष्ट लागू नये म्हणून. मी म्हटलं, चला, कळतंय त्यांना.”