मे महिन्यात शेअरवाल्यांनी काय वाचावं, काय ऐकावं?

प्रश्न: बँकेतून रिटायर झालोय, नऊ-दहा कंपन्यांचे शेअर आहेत, विकायची घाई नाही. दुपारी घर झोपलेलं असतं तेव्हा वाचायला वेळ मिळतो. मोठ्या गुंतवणूकदारांची पुस्तकं मागवू का? इंग्रजी वाचतो पण हळू. (एक वाचक, सातारा)

काका, पुस्तकं मागवा की, पण जूनमध्ये. मे महिना वेगळ्या कामाचा असतो. मार्च तिमाहीचे आणि अख्ख्या वर्षाचे ऑडिट झालेले रिझल्ट कंपन्यांना 30 मेपर्यंत द्यावेच लागतात, त्यामुळे तुमच्या नऊ-दहा कंपन्यांचा वर्षाचा हिशोब याच महिन्यात तुमच्यापुढे येणार. नवा अ‍ॅन्युअल रिपोर्ट यायला बऱ्याचदा जुलै-ऑगस्ट उजाडतो. म्हणून आत्ता मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढायचा, बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर फुकट मिळतो, स्क्रीनर नावाच्या साइटवर तर एका पानावर बऱ्याच वर्षांचे असतात. मॅनेजमेंटने पुढच्या वर्षी काय काय करू म्हणून लिहिलं होतं ते एका वहीत उतरवायचं आणि शेजारी या मे महिन्याचा रिझल्ट लिहायचा. नवा प्लांट सुरू होणार होता, झाला का? कर्ज कमी करणार होते, केलं का? दोन-अडीचशे पानं बघून घाबरू नका, हसऱ्या फोटोंची पानं सरळ उलटा. चेअरमनचं पत्र, मॅनेजमेंट डिस्कशन, ऑडिटरचा रिपोर्ट, कॅश फ्लो आणि मागच्या नोट्समधले दोन विषय, रिलेटेड पार्टी व्यवहार (मालकांच्या घरच्यांशी किंवा त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांशी केलेले) आणि कंटिंजंट लायबिलिटी (पुढे अंगावर येऊ शकणारी देणी), एवढं वाचलंत तरी पुष्कळ झालं. तुम्ही बँकेतले, कॅश फ्लो मी काय शिकवणार तुम्हाला! चार-पाच वर्षांचा नफा आणि धंद्यातून खरोखर हातात आलेला पैसा शेजारी शेजारी मांडा, नफा वाढतोय आणि पैसा येतच नाहीये असं दिसलं की गिऱ्हाइकांकडे अडकलेल्या उधारीचा आकडा उघडून बघा.

एका दुपारी एक कंपनी, बस. हळू वाचता हे तर बरंच आहे, भराभर वाचणाऱ्याच्या नजरेतून नोट्स निसटतात.

आणि मोठ्या माणसाचंच वाचायचं असेल तर वॉरन बफेंची भागधारकांना लिहिलेली पत्रं त्यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या साइटवर 1977 पासूनची फुकट आहेत. 2025 संपताना त्यांनी सीईओपद सोडलं आणि वार्षिक पत्र लिहिणंही थांबवलं, त्यामुळे आता तो संच पूर्ण झालाय. सुरुवात 1989 च्या पत्रापासून करा, पंचवीस वर्षांत कुठे कुठे चुकलो ते त्यांनी त्यात स्वतःच सांगितलंय. भाषा सोपी आहे, डिक्शनरी फार लागणार नाही.

प्रश्न: रोज ठाणे-सीएसएमटी लोकल. कानात सतत शेअर मार्केटचे पॉडकास्ट असतात, पण महिनाभर ऐकूनही डोक्यात काही राहत नाही. चांगलं काय ऐकू? (एक वाचक, ठाणे)

राहणार कसं, आज निफ्टी का पडला हे उद्या कुणाला हवंय? त्यापेक्षा कॉनकॉल ऐका. रिझल्टनंतर कंपनी अ‍ॅनालिस्टांशी फोनवर बोलते, त्याचं रेकॉर्डिंग आणि नंतर लेखी ट्रान्सक्रिप्टही सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे सगळ्यांसाठी टाकावं लागतं. साधारण तासाभराचा असतो, म्हणजे जाता-येता आरामात एक होतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं मॅनेजमेंट लिहून आणलेलं वाचते, ती पळवली तरी चालेल, खरी मजा प्रश्नोत्तरांत. (प्रत्येक अ‍ॅनालिस्ट आधी ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन अ गुड सेट ऑफ नंबर्स’ म्हणणार, रिझल्ट कसाही असो.) मार्जिन (विक्रीतून सुटणारा नफा) का घटलं असं विचारल्यावर सरळ कारण येतं, की ‘हे आपण ऑफलाइन घेऊ’ म्हणून टाळलं जातं, ते कान देऊन ऐका.

आता एक प्रयोग. एकाच कंपनीचा तीन वर्षांपूर्वीचा कॉनकॉल आधी ऐका आणि लगेच या मे महिन्यातला. दोन वर्षांत धंदा दुप्पट करू म्हणणारा आवाज आज काय म्हणतोय? ते आश्वासन त्याला आठवतंय तरी का? हे एकदा केलंत की पॉडकास्टवाल्या पाहुण्याचं मत फिकं वाटायला लागेल. लहान कंपन्या कॉनकॉल घेतच नाहीत बऱ्याचदा, तिथे एजीएमची (भागधारकांच्या वार्षिक सभेची) वाट बघा. कोविडनंतर बऱ्याच एजीएम व्हिडिओवर होतात, एक शेअर असला तरी आधी नाव नोंदवून प्रश्न विचारता येतो.

पॉडकास्ट अगदीच सोडवत नसेल तर कुठला वगळायचा ते सांगतो: शिकवतो म्हणून आजच्या भावावर बोलणारा. अशा ‘शिक्षकांनी’ ताज्या तीन महिन्यांचे भाव वापरू नयेत असं सेबीने जानेवारी 2025 मध्येच स्पष्ट केलं होतं.

प्रश्न: रिपोर्ट वाचा, रिपोर्ट वाचा म्हणता, पण सत्यमचा रिपोर्ट वाचणाऱ्यांचं काय झालं? छापलेलंच खोटं असेल तर वाचून उपयोग काय? (एक वाचक, पुणे)

रास्त प्रश्न आहे. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे चेअरमन रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातले 5,040 कोटींचे रोख आणि बँक शिल्लक मुळात नाहीतच. नुसता रिपोर्ट वाचून हे घरबसल्या कुणाला पकडता आलं नसतं, कारण त्या नसलेल्या पैशावरचं व्याजसुद्धा कागदावर दाखवलेलं होतं.

पण रिपोर्टच्या बाहेर काय दिसत होतं ते बघा. प्रमोटरांचा, म्हणजे राजू कुटुंबाचा, हिस्सा वर्षानुवर्षं घटत एकेरी टक्क्यांत आला होता आणि ते शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कुणाकडे किती शेअर याच्या तक्त्यात) उघड होतं. मग डिसेंबर 2008 मध्ये सत्यमच्या बोर्डाने राजू कुटुंबाशीच संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा जमीन-बांधकामात! गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांत तो सौदा गुंडाळावा लागला. कबुलीजबाब त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. त्या तीन आठवड्यांत विकून बाहेर पडणाऱ्याला 5,040 कोटींचा पत्ता नव्हता, त्याने फक्त रिलेटेड पार्टीचा सौदा ओळखला होता. प्रमोटरांनी गहाण ठेवलेले शेअर जाहीर करायची सक्तीही सत्यमनंतरच आली, ती माहिती आता दर तिमाहीला मिळते. रिपोर्टसोबत हे दोन कागद, शेअरहोल्डिंग पॅटर्न आणि गहाण शेअरची माहिती, वाचा.

प्रश्न: मुलीची दहावी झाली, तिला शेअर मार्केटची उत्सुकता आहे. सुट्टीत काय वाचायला देऊ? (एक वाचक, नाशिक)

ताई, घरात जिची वस्तू आहे अशा कंपनीचा रिपोर्ट द्या. फेविकॉलचा डबा असेलच, मग पिडिलाइटचा द्या (शेअर घ्या असं म्हणत नाहीये हं). फेविकॉल बनवायला व्हीएएम नावाचं रसायन लागतं आणि ते महागलं की मार्जिन दाबलं जातं, हे रिपोर्टमध्ये आणि कॉनकॉलमध्ये पुन्हापुन्हा येतं. रसायन नुकतंच अभ्यासून झालेल्या मुलीला यात गंमत वाटेल. सोबत सेबीची मराठीतली आर्थिक साक्षरतेची पुस्तिका द्या, जरा रुक्ष आहे पण फुकट आहे. डीमॅट अकाउंट पालकाच्या नावासह अल्पवयीन मुलांचंही निघतं, फ्यूचर-ऑप्शन मात्र त्यात करता येत नाही.