म्यानमारच्या तुरीमुळे लातूरचा भाव पडतो का?

काही अंशी पडतो, परंतु दोष तेथील शेतकऱ्याचा नसून आपल्या आयात धोरणातील धरसोडीचा आहे. म्यानमारमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही. ती मुख्यतः भारतासाठीच पिकवली जाते, त्यामुळे दिल्लीहून निघणाऱ्या एका अधिसूचनेवर तेथील शेतकऱ्याचे अख्खे वर्ष अवलंबून असते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा त्यांचे भाव कोसळले. मे २०२१ मध्ये आयात खुली झाली आणि पुढच्याच महिन्यात म्यानमारकडून दरवर्षी २.५ लाख टन उडीद व १ लाख टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा सामंजस्य करार झाला, तेव्हा चिंता मराठवाड्याच्या वाट्याला आली. लातूरच्या आडत बाजारात नव्या तुरीची पोती उतरत असताना डाळमिलवाल्यांचे लक्ष बंदरावरच्या ‘लेमन’ तुरीच्या, म्हणजे म्यानमारहून येणाऱ्या तुरीच्या, भावाकडे असते आणि सौदा त्याच अंदाजाने बोलला जातो. शेजाऱ्याला खरेदीची खात्री मिळावी, हे मला मनापासून मान्य आहे. मात्र २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये असताना त्याहून स्वस्त तूर बाहेरून येत असेल, तर ऐन आवकेच्या महिन्यांत तरी आयात शुल्क लावलेच पाहिजे.