पल्सच्या आधी काय पोहोचतं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये तू लॅपटॉपवर सिम्युलेशन दाखवलंस. नॅनोतारांचं, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारांचं रान, वरून येणारी लेझरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झोत, आणि तारांच्या कडेने धावणारे इलेक्ट्रॉन. तुला बस गाठायची होती म्हणून तेव्हा फार बोलले नाही.

चित्र सुंदर आहे, त्यातलं भौतिकशास्त्रही बरोबर आहे. लेझरचं विद्युतक्षेत्र तारेतून इलेक्ट्रॉन उपसतं, चुंबकीय क्षेत्र त्यांना पुढे वळवतं. ते धावू लागले की त्यांच्या प्रवाहामुळे आणि तारेतल्या उलट्या प्रवाहामुळे पृष्ठभागालगत आणखी एक चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. ते इलेक्ट्रॉनना बाहेर लोटतं, तर तारेवर मागे उरलेला धनप्रभार आत ओढतो. या ओढाताणीत ते तार धरून पळतात. सपाट टार्गेटवरून, म्हणजे लेझर ज्यावर मारतो त्या साध्या पृष्ठभागावरून, इलेक्ट्रॉन बऱ्याच दिशांना उधळतात, इथे त्यांना वाट मिळते. मलाही या विषयात याच गोष्टीने ओढलं होतं.

पण तुझ्या सिम्युलेशनमध्ये पल्स येते तेव्हा तारा ताठ उभ्या आहेत. प्रयोगात त्या तशा उभ्या असतील कशावरून?

हिशेब करू. १ ज्यूल ऊर्जा ३० फेम्टोसेकंदांत म्हणजे सुमारे ३३ टेरावॉट. ती सगळी १० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यात आली असं धरलं, तर दर चौरस सेंटीमीटरला १० च्या १९ व्या घाताच्या चौपट वॉट. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ जायला याच्या विसाव्या हिश्शाइतकी तीव्रता पुरते, तेव्हा जोर भरपूर आहे. आता मुख्य पल्सच्या नॅनोसेकंदभर, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकं, आधी तिच्या एक कोटीव्या भागाइतका प्रकाश गळतोय असं समज. तोही दर चौरस सेंटीमीटरला चार लाख कोटी वॉट होतो. तेवढ्याने पृष्ठभागाचा प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांचा तापलेला वायू होतो आणि तो सेकंदाला साधारण १०० किलोमीटर वेगाने पसरतो, म्हणजे पिकोसेकंदाला १०० नॅनोमीटर. तुझ्या तारांमधलं अंतर २०० नॅनोमीटर आहे. दोन्ही बाजूंनी पसरलेला प्लाझ्मा एका पिकोसेकंदात ती फट बुजवेल, आणि नॅनोसेकंदात असे हजार पिकोसेकंद असतात. अवकाळी पावसाने आडवा झालेला उसाचा फड पाहिला आहेस ना? मुख्य पल्स तशा फडावर येते.

विद्यार्थी असताना मी यात सहा आठवडे घालवले. खाचा कोरलेलं टार्गेट आणि सपाट टार्गेट, दोन्हींवरून इलेक्ट्रॉन सारखेच येत होते. मला वाटलं, मोजणीत घोळ आहे. स्पेक्ट्रोमीटरचा चुंबक बदलला, इमेज प्लेट बदलल्या, अलाइनमेंट रोज नव्याने केली. शेवटी एका सीनियरने वेगवान फोटोडायोड लावला, तेव्हा मुख्य पल्सच्या ८ नॅनोसेकंद आधी ॲम्प्लिफायरमधून गळणारी छोटी पल्स दिसली. तिथला कॉन्ट्रास्टचा, म्हणजे मुख्य पल्स आधी गळणाऱ्या प्रकाशाच्या किती पट आहे याचा आकडा वर्षापूर्वी मोजलेला होता आणि आम्ही सगळे तोच सांगत होतो. मी स्वतः एकदाही मोजला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नॅनोसेकंदांसाठी फोटोडायोड आणि पिकोसेकंदांसाठी क्रॉस-कोरिलेटर, ही दोन मोजमापं तारांची ऑर्डर देण्याआधी कर. कॉन्ट्रास्ट कमी पडला तर प्लाझ्मा मिरर आहे. आधीचा मंद प्रकाश काचेतून आरपार जातो, मुख्य पल्स चढू लागली की काचेवर प्लाझ्मा तयार होऊन तीच काच आरसा बनते. यात थोडी ऊर्जा जाते आणि दर शॉटला काचेची नवी जागा लागते, पण तारा वाचतात. आणि सपाट टार्गेटचे शॉट रोज घे. तुलनेला ते नसतील तर तारांमुळे काय झालं हे तू कुणालाच सांगू शकणार नाहीस.

याची दुसरी बाजू मला फार आवडते. हैदराबादच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मिथेनॉलच्या सूक्ष्म थेंबांवर मुद्दाम आधीची पल्स सोडली, तिने थेंबाला खोलगट आकार दिला आणि मग काही मिलिज्यूलच्या मुख्य पल्सने मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले, म्हणजे भरपूर ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळाले. आपण जिला शत्रू समजतो, तिच्याकडूनच त्यांनी टार्गेट घडवून घेतलं. आधी काय येतं हे नेमकं माहीत असल्यामुळेच ते जमलं.

आणि एक. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज धरू नकोस. गॉगल न घालता आत जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

तुमच्या लेझरचा कॉन्ट्रास्ट शेवटचा कधी मोजला, ते सरांना विचार. गुरुवारी दुपारी मी गणेशखिंडीत आहे. आलेख घेऊन ये, तारांमधलं अंतर किती ठेवायचं ते तो बघून ठरवू.