गोचीड, वाळूमाशी आणि कुत्र्याच्या गळ्यातला औषधी पट्टा
वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

प्रश्न : आमच्या लॅब्राडोरला पंधरा दिवसांपूर्वी महागडा औषधी पट्टा घातला. तरी रोज संध्याकाळी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात चार-पाच गोचिडी सापडतातच. पट्टा बनावट आहे का? (राजारामपुरी)

बनावट असू शकतो, पण आधी बाकीची कारणं तपासा, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

या पट्ट्यातून धूर किंवा वास सुटून गोचिडी पळत नाहीत. पट्ट्यातलं औषध थोडं थोडं बाहेर येतं आणि कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं. पट्टा कातडीला टेकला नाही तर औषध पुढे सरकतच नाही. लॅब्राडोरची मानेवरची लव दाट असते. पट्टा केसांवर तरंगत असेल तर केस बाजूला करून तो कातडीवर बसवा. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं सहज जावीत, तीन जाऊ नयेत. उरलेलं टोक साधारण दोन सेंटिमीटर ठेवून कापा. लोंबतं टोक कुत्रा चावतो आणि औषध पोटात जातं.

दुसरं कारण अंघोळ. पट्टा घातल्यावर पहिले पाच-सहा दिवस कुत्रा भिजवू नका. डेल्टामेथ्रिन या गोचीडनाशक औषधाच्या पट्ट्याचा पूर्ण परिणाम दिसायलाच आठवडा लागतो. पुढेही दर आठवड्याला शांपू लावत असाल तर खोक्यावर लिहिलेले महिने मिळणार नाहीत, कारण शांपूबरोबर कातडीवरचा तेलकट थर निघून जातो. महिन्यातून एक अंघोळ पुरे.

तिसरं कारण, पट्टा घालण्याआधीच चिकटलेल्या गोचिडी. त्या पट्ट्यामुळे लगेच सुटत नाहीत, हाताने काढाव्या लागतात. टोकदार चिमटा कातडीला अगदी लागून धरा, गोचिडीचं तोंड पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. रॉकेल, तंबाखूचं पाणी, पेटती उदबत्ती यांपैकी काहीही लावू नका. डिवचलेली गोचीड पोटातला मजकूर उलट जखमेत ओकू शकते. नखांनी चिरडणंही टाळा.

पण तुमच्या पत्रावरून आम्हाला खरा संशय घराचा आहे. आपल्याकडे कुत्र्यावर सापडते ती बहुधा तपकिरी गोचीड. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि चौकटीमागे, फरशीच्या भेगेत, जुन्या पोत्याखाली हजारोंनी अंडी घालते. पिल्लं, मधली अवस्था आणि मोठी गोचीड या तिघी कुत्र्याचं रक्त पितात, आणि पहिल्या दोघी प्रत्येक वेळी खाली उतरून भेगेत जाऊन कात टाकतात. उपाशीपोटी त्या कित्येक महिने तग धरतात. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकीची फौज भिंतीत असते. पट्टा अंगावर चढलेल्या गोचिडीला मारेल, पण भिंतीतून रोज नव्या चढत राहतील.

म्हणून घराची मोहीम वेगळी करा. कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा, पोतं असेल तर जाळून टाका. भेगा सिमेंटने बुजवा. कुत्रा बसतो तो कोपरा, पायऱ्यांखालची जागा आणि भिंतीचा कमरेपर्यंतचा भाग यांवर घरातल्या वापरासाठीचं कीटकनाशक लेबलवरच्या प्रमाणात फवारा. पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि जनावरं बाहेर ठेवा. अंडी फवारणीने मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी तीच फवारणी पुन्हा करावी लागते, आणि पुढे आणखी एकदा. दोन-तीन महिने चिकाटी ठेवलीत तर फरक दिसेल.

एवढं करूनही काही फरक नसेल तर पट्ट्याचं खोकं बघा. घटकाचं नाव, टक्केवारी, बॅच नंबर आणि मुदत छापलेली हवी, आतलं पाकीट हवाबंद हवं. डेल्टामेथ्रिनच्या पट्ट्यात साधारण 4 टक्के औषध असतं, तर इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन या दोन औषधांच्या जोडीत अनुक्रमे 10 आणि 4.5 टक्के. पहिला पट्टा पाच-सहा महिने चालतो, दुसरा सात-आठ. नुसतं "हर्बल" लिहिलेल्या, घटक न सांगणाऱ्या पट्ट्यावर गोचिडीसाठी भरवसा ठेवू नका.

प्रश्न : आमच्याकडे मुधोळ जातीची कुत्री आहे आणि गोठ्यात चार म्हशी. म्हशींना गोचिडीसाठी मारतो तेच औषध कुत्रीला लावलं तर चालेल का? वर पट्टाही घालायचा विचार आहे. (कागल तालुका)

नाही. गोठ्यातल्या बाटलीत डेल्टामेथ्रिन बहुतेक वेळा 1.25 टक्के असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 12.5 मिलिग्रॅम. ते लिटरभर पाण्यात काही मिलिलिटर मिसळून मोठ्या जनावरासाठी वापरायचं असतं. पाठीवर "थोडंसं" ओतलं की वीस-पंचवीस किलोच्या कुत्रीला ते थोडंसं राहत नाही, शिवाय ती अंग चाटते. लाळ गळणं, थरथर, झोकांड्या जाणं ही विषबाधेची लक्षणं. काही गोठ्यांत अमिट्राझ हे दुसरं गोचीडनाशक असतं. त्याने गुंगी येते, हृदयाची गती मंदावते, रक्तातली साखर वाढते. आणि वरून त्याच जातीच्या औषधाचा पट्टा घातला की दुप्पट डोस होतो. फवारणी, पाठीवरचे थेंब, गोळी आणि पट्टा यांतलं काय आधी दिलंय ते पशुवैद्याला सांगितल्याशिवाय दुसरं काही जोडू नका.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. म्हशीवरची गोचीड मुख्यतः वेगळ्या जातीची असते. ती आपला जवळजवळ सगळा काळ एकाच जनावरावर काढते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड कुत्रा ते भिंत, भिंत ते कुत्रा अशी फिरते. म्हणजे म्हशी फवारल्या म्हणून कुत्री सुटत नाही. ती गोठ्यात जिथे झोपते ती जागा आणि दगडी भिंतीच्या सांदी स्वतंत्र बघा.

मुधोळ, कारवानी, पश्मी या शिकारी कुत्र्यांची मान लांब आणि डोकं अरुंद असतं. पट्टा दोन बोटांच्या मापाने घातला तरी कान मागे घेऊन डोकं आत ओढलं की निसटतो. तो मानेच्या मध्यावर न ठेवता कानांच्या अगदी मागे, वरच्या अंगाला बसवा आणि शेतातून परतल्यावर रोज एकदा हात फिरवून बघा. ओढण्यासाठी साखळी लावायची असेल तर दुसरा साधा पट्टा ठेवा. औषधी पट्टा ताण सहन करण्यासाठी बनवलेलाच नसतो.

प्रश्न : परदेशात काळा आजार रोखायला कुत्र्यांना पट्टे घालतात असं वाचलं. कोल्हापुरातही तसं करावं का? (इचलकरंजी)

ज्या देशांत हा उपाय होतो तिथली साखळी वेगळी आहे. ब्राझील, इराण आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या भागांत काळ्या आजाराचा परजीवी कुत्र्यांत राहतो. वाळूमाशी, म्हणजे डासाहून लहान रक्त पिणारी माशी, आधी कुत्र्याला आणि मग माणसाला चावते. तिथे कुत्र्याच्या गळ्यात डेल्टामेथ्रिनचा पट्टा म्हणजे साखळी मध्येच तोडणं. वायव्य इराणमधल्या 18 गावांत याची पद्धतशीर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्ध्या गावांतल्या कुत्र्यांना पट्टे घातले. त्या गावांतल्या मुलांना संसर्ग होण्याची शक्यता उरलेल्या गावांपेक्षा साधारण चाळीस टक्क्यांनी कमी आढळली, कुत्र्यांत त्याहून जास्त फरक पडला. लक्षात घ्या, औषध मुलांना दिलंच नव्हतं.

भारतात काळा आजार मुख्यतः बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल इथे आहे. त्याचा परजीवी दुसरा, आणि वाळूमाशी तो माणसाकडून माणसाकडे नेते. कुत्रा त्या साखळीत नाही. म्हणून तिथे घरांच्या भिंतींवर फवारणी आणि रुग्णांवर लवकर उपचार हा मार्ग धरतात. महाराष्ट्रात वाळूमाशी ओळखली जाते ती मुलांना मेंदूज्वर देणाऱ्या चांदिपुरा विषाणूसाठी. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात तो सापडला. पण कुत्र्याला पट्टा घातल्याने घरातलं मूल त्यापासून वाचत नाही. त्यासाठी बारीक जाळीची मच्छरदाणी, भिंतींच्या भेगा बुजवणं, गोठ्यातलं शेण-ओल हटवणं हेच उपयोगी.

कोल्हापुरात पट्टा घालायचा तो गोचीड-तापासाठी. एहर्लिकिया आणि बबेसिया हे दोन जंतू इथल्या कुत्र्यांना सर्वांत जास्त छळतात. बबेसिया गोचीड चिकटल्यापासून साधारण दोन दिवसांनी आत शिरतो, एहर्लिकियाला काही तास पुरतात. "रात्री घरी आल्यावर काढू" हे नेहमी पुरेसं पडत नाही, म्हणून गोचीड चिकटूच न देणारा उपाय आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. महिनाभर किंवा तीन महिने चालणाऱ्या गोळ्या उत्तम आहेत, पण त्यांचा परिणाम होण्यासाठी गोचिडीला आधी चावावं लागतं. आणि ज्या कुत्र्याला फिट्स येतात त्याला त्या पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

आठ महिन्यांचा पट्टा मार्चच्या सुरुवातीला घातला तर उन्हाळा, पाऊस आणि पावसानंतरचे गोचिडीचे दिवस निभावतात. नोव्हेंबरात बदला.

प्रश्न : घरात मांजरही आहे आणि दोन वर्षांची नात कुत्र्याला मिठी मारते. (शाहूपुरी)

मांजरासाठी डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन आणि अमिट्राझ धोक्याचे आहेत. तिचं यकृत ही औषधं कुत्र्यासारखी मोडू शकत नाही. दोघं एकमेकांना चाटत असतील, एकत्र झोपत असतील, तर या घटकांचा पट्टा घरात नको. फ्लुमेथ्रिन-इमिडाक्लोप्रिडचा मांजरासाठी वेगळा पट्टा मिळतो, त्याबद्दल पशुवैद्याशी बोला. मांजर थरथरत असेल तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवून पुसा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

नातीसाठी नियम सोपा. पट्टा हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, पट्टा तोंडात जाऊ द्यायचा नाही आणि घातल्यावर पहिले काही दिवस कुत्रा तिच्या अंथरुणात नको.

प्रश्न : रंकाळ्यावर कुत्र्याला पोहायला नेतो. पट्टा काढायचा का? (रंकाळा परिसर)

पोहायलाच नेऊ नका. या जातीची औषधं तलावातल्या माशांना अगदी कमी प्रमाणातही मारक असतात. पट्टा काढला तरी औषध केसांवर असतंच. हेच पंचगंगा आणि कळंबा तलावालाही लागू. जुना पट्टाही ओढ्यात फेकू नका, कागदात गुंडाळून बंद पिशवीत कचऱ्यात टाका.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या वीसेक भटक्या कुत्र्यांना लोकवर्गणीतून पट्टे घालायचे आहेत. (गडहिंग्लज)

चांगलं काम आहे, पण एका बाबतीत कडक राहा. पिल्लांना पट्टा घालू नका. सात आठवड्यांच्या आतल्या पिल्लासाठी तो नाहीच, आणि वाढत्या पिल्लाची मान महिन्याभरात इतकी जाड होते की पट्टा कातडीत रुततो. कुणाचं लक्ष नसेल तर जखमेत अळ्या पडतात. पूर्ण वाढ झालेली, रोज खायला येणारी, हात लावू देणारी कुत्रीच निवडा. पट्ट्यावर तारीख लिहा आणि दर आठवड्याला बोटं घालून ढिलाई तपासण्याचं काम दोघांनी वाटून घ्या. एकमेकांशी खेळताना पट्टे चावले जातात, हरवतातही, तेव्हा चार-पाच जादा ठेवा. कुणी पट्ट्याचा तुकडा गिळला तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या फंदात पडू नका, थेट दवाखाना. पैसे कमी पडत असतील तर आधी नसबंदी आणि रेबीजची लस, पट्टे नंतर.

प्रश्न : पट्टा असूनही गोचीड-ताप येऊ शकतो का? कधी सावध व्हायचं? (जयसिंगपूर)

येऊ शकतो. खाणं टाकणं, ताप, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, लघवी चहाच्या रंगाची, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन आणि रक्ताची काचपट्टी बघतात. काचपट्टीत जंतू दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं नसतं, म्हणून गरज पडली तर किटवर तपासणी करतात. डॉक्सिसायक्लिन एहर्लिकियावर चालतं, पण नेहमीचा कोर्स 28 दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी कुत्रा जेवायला लागला म्हणून गोळ्या बंद केल्या की आजार दबून राहतो आणि पुढे उलटू शकतो. बबेसियासाठी औषध वेगळं लागतं, त्यामुळे औषधाच्या दुकानातून मनानेच गोळ्या आणू नका. तपासणीला जाताना पट्ट्याचं रिकामं खोकं बरोबर न्या, घटक कोणता ते डॉक्टरांना लगेच कळेल.