नकाशा चिकटवला आणि पुठ्ठा वाकला

प्रश्न : प्रभागाच्या प्रारूप विकास आराखड्याचं प्रदर्शन मे महिन्यात शाळेच्या पत्राशेडमध्ये भरवायचंय. लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी), खोक्यांचे पुठ्ठे, जुने फ्लेक्स असं भंगारच वापरणार आहोत. पण खळीनं चिकटवलेला पहिलाच नकाशा पुठ्ठ्यासकट धनुष्यासारखा वाकला. असं का होतं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : खळीनं ओला झालेला कागद पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. सोलापूरच्या उन्हात वाळवलात तर आणखीच. उपाय एकच : पुठ्ठ्याच्या पाठीलाही तेवढाच कागद, तीच खळ, लगोलग. पाठीला वर्तमानपत्र नको, ते पातळ असल्यानं ओढ कमी पडते. फसलेल्या छपाईच्या प्रती वापरा. सावलीत, सपाट वजनाखाली रात्रभर ठेवा. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं लागत नाहीत. मात्र ते विषारी आहे, हे काम मुलांना देऊ नका.

पॅलेटवरचा शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती नको. रंगाचे, रसायनांचे डाग असलेलीही नको.

१.२ मीटरची पॅलेट उभी केली तरी नकाशा कमरेशी येतो. मोडक्या पॅलेटच्या पट्ट्या ठोकून उंची १.६ मीटर करा. आडव्या एवन मापाच्या (सुमारे ८४ × ५९ सेंटिमीटर) नकाशाचा मध्य १.३ मीटरवर येईल, खुर्चीवरच्यालाही वाचता येईल. दोन पॅलेट वर कब्ज्यांनी जोडा, खाली पायांत ८० सेंटिमीटर अंतर राहील अशी दोरी बांधा. दोरी विसरलात तर पाय फाकून सगळं आडवं होतं. मेमध्ये वळवाचं वारं अचानक येतं आणि पुठ्ठा शिडासारखा वारा धरतो, म्हणून प्रत्येक पायावर वाळूची गोणी हवीच.

फ्लेक्सवर खळ धरत नाही. तो रात्री झाकायला ठेवा. जमिनीवर अंथरलात तर ओल्या पायांनी लोक घसरतील.

प्रभागाची प्रतिकृती करणार असाल तर १:५०० प्रमाण सोयीचं. ३ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे दोन थर म्हणजे ३ मीटरचा एक मजला. टेबल १.२ मीटरपेक्षा रुंद नको, मधल्या गल्लीपर्यंत बोट पोचत नाही.

एक मात्र फलकावर ठळक लिहा : इथल्या सूचनापेटीतली चिठ्ठी ही आराखड्यावरची कायदेशीर हरकत नव्हे. हरकत मुदतीत, लेखी, महापालिकेकडे द्यावी लागते. पेटीशेजारी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा ठेवा आणि अर्ज दिल्यावर पोच घ्यायला सांगा.