सॅम कुक ऐकायला सुरुवात स्टुडिओतल्या गाण्यांपासून करावी की लाइव्ह रेकॉर्डपासून?

अमेरिकन सोल गायक सॅम कुक यांची स्टुडिओतली गाजलेली गाणी ऐकली, आता लाइव्ह रेकॉर्ड घेण्यात काही अर्थ आहे का, असे तुम्ही विचारले आहे. अर्थ आहे; खरे तर सुरुवातच तिथून करायला हवी होती.

१२ जानेवारी १९६३ च्या रात्री मायामीतल्या ओव्हरटाउन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये, आरसीए या रेकॉर्ड कंपनीने त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि बाजूला ठेवून दिले, कारण 'यू सेंड मी' या त्यांच्या गाजलेल्या गाण्यातल्या मऊ, घोटीव आवाजावर भाळलेल्या गिऱ्हाइकाला हे खरखरीत गाणे झेपणार नाही, असे कंपनीला वाटले. रेकॉर्ड बाजारात आली ती १९८५ साली. तोवर कुक यांना जाऊन वीस वर्षे उलटली होती.

आमच्या शहरात जुन्या रेकॉर्ड एकत्र बसून ऐकणारे एक मंडळ होते. माझी पाळी आली तेव्हा मी हीच रेकॉर्ड नेली. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' सुरू करण्याआधी कुक बराच वेळ बोलत राहतात, प्रेयसीला फोन लावल्याची हकिकत रंगवतात, मध्येच 'यू सेंड मी'ची ओळ घेऊन सोडून देतात, आणि समोरचे लोक ओरडून ओरडून त्यांना चढवत असतात. नेमक्या त्या जागी एका ज्येष्ठ सभासदांनी उठून सुई उचलली. आवाज बसलेला आहे, गोंगाटात गाणे बुडते आहे, गायकाची पारख स्टुडिओतच होते, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि याच गाण्याची १९६२ ची स्टुडिओतली रेकॉर्ड लावली. त्यांच्या वयाचा मान राखून मी गप्प बसले, पण तो राग अजून गेलेला नाही.

त्यांनी लावलेल्या त्या रेकॉर्डमध्ये कुक यांच्या प्रत्येक हाकेला लू रॉल्स या गायकाचा आवाज ओ देतो. म्हणजे समोरून उत्तर आल्याशिवाय हे गाणे पुरे होत नाही, हे स्टुडिओतही ठाऊक होते. मायामीत रॉल्स यांचे काम सगळा क्लब करतो, एवढाच फरक. 'फॉर सेंटिमेंटल रीझन्स'मध्ये कुक ओळी लोकांवर सोपवतात आणि लोक त्या गातात. याला गोंगाट म्हणणाऱ्या त्याच गृहस्थांनी आपल्याकडच्या खासगी मैफलींच्या कॅसेट समेवरच्या 'क्या बात है'सकट जिवापाड जपल्या होत्या, हे मला आजही समजू शकलेले नाही.

आणि आवाज बसलेला मुळीच नव्हता. कुक धर्मोपदेशकाचे चिरंजीव, चर्चमध्ये गातच वाढलेले. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये सोल स्टिरर्स या गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या गायकांच्या संचाबरोबर त्यांनी गायलेले 'निअरर टू दी' मिळवून ऐका. आठ मिनिटांहून अधिक चाललेल्या त्या गाण्यात चोवीस वर्षांचे कुक लोकांच्या प्रत्येक हुंकारावर आवाज आणखी तापवत नेतात, आणि हार्लेम स्क्वेअरमधली ती खर तिथे आधीच हजर असते. मऊ आवाज हे त्यांनी कमावलेले कसब होते, त्याचा मला आदर आहे. पण तोच अस्सल आणि दुसरा सदोष, हे मी मान्य करणार नाही.

दुसरी लाइव्ह रेकॉर्ड जुलै १९६४ मधली, न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमधली. १९५८ साली याच ठिकाणी त्यांचा कार्यक्रम पडला होता, त्यामुळे या वेळी सगळे नीटनेटके, जेवणाच्या टेबलांवर बसलेल्या गोऱ्या श्रोत्यांना पटेल असे बेतलेले आहे. ती त्यांच्या हयातीतच निघाली आणि पुढची वीस वर्षे लाइव्ह सॅम कुक म्हणजे हेच, असा समज पसरला. तिच्यातली सफाई नाकारता येत नाही, परंतु ती नंतर घेतली तरी चालेल.

स्टुडिओशिवाय मात्र एका बाबतीत गत्यंतर नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या श्रीव्हपोर्ट शहरात एका मोटेलने कुक यांना वर्णावरून खोली नाकारल्यानंतर काही महिन्यांतच ध्वनिमुद्रित झालेले 'अ चेंज इज गॉना कम' हे रेने हॉल यांच्या संयोजनात, व्हायोलिनांच्या आणि फ्रेंच हॉर्नच्या साथीतच ऐकावे लागते. कुक यांनी ते लोकांसमोर फारसे गायलेच नाही. त्यामुळे ते ज्यात आहे तो 'एन्ट दॅट गुड न्यूज' हा १९६४ चा अल्बम घ्याच.

आणखी एक सांगायचे राहिले. हार्लेम स्क्वेअरचे ध्वनिमिश्रण एकाहून अधिक वेळा झाले आहे, आणि २००० साली निघालेल्या त्यांच्या गाण्यांच्या संचातल्या मिश्रणात श्रोत्यांचा आवाज बराच खाली ओढला आहे. ते टाळा. १९८५ चे किंवा २००५ चे मिश्रण घ्या.