रिपोर्ट नॉर्मल, मग पोटाला होतंय काय?

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की माणसानं खरं तर पेढे वाटावेत. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं मात्र त्याच रिपोर्टांवर चिडलेली असतात. "म्हणजे काय, मी नाटक करतेय का?" साताऱ्यात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की त्यातल्या एकीची गोष्ट ओळख पुसून सांगतेच.

पतसंस्थेत नोकरी, वय चाळिशीच्या आसपास. बरोबर नवरा, नवऱ्याच्या काखेत फाईल. बाईंनी आल्या आल्या बाथरूम कुठंय ते विचारलं आणि दाराजवळची खुर्ची धरली. सुरुवात नवऱ्यानंच केली. "मॅडम, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, रक्त झालं. काही निघत नाही. डॉक्टर म्हणतात आयबीएस, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आणि गोळी दिली ती डोक्याची!"

गोळीचं आधी मिटवते. ती होती ॲमिट्रिप्टिलिन. मोठ्या डोसमध्ये ती नैराश्यावर देतात, हे खरं. पण अगदी थोड्या डोसमध्ये ती आतड्याची वेदना कमी करते. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली. निष्कर्ष २०२३ साली आले. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर 'वेड्याची गोळी' म्हणून फेकू नका.

आयबीएसमध्ये आतड्याला दुर्बिणीत दिसेल अशी जखम नसते. मेंदू आणि आतडं यांचं एकमेकांशी चालणारं बोलणं बिघडलेलं असतं, आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. दुसऱ्याला कळणारही नाही एवढ्या गॅसनं यांना कळ येते. राखणीचं कुत्रं दूधवाल्यावरही भुंकायला लागतं, तसं. भुंकणं खरंच असतं, चोर मात्र आलेला नसतो. चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं हलतं, ते सगळ्यांचंच. यांचं जोरात हलतं, म्हणून नेमकी घर सोडायच्या वेळी धावाधाव.

बाईंचा मुलगा पुण्यात शिकायला होता. वर्ष होत आलं तरी आईनं त्याची खोली पाहिली नव्हती. अडसर एकच, सातारा-स्वारगेट विनाथांबा. "मधेच लागली तर?" त्यांनी पर्स उघडून दाखवली. ओव्याची डबी, जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांची दोन पाकिटं, तळाला घडी घातलेली जादा सलवार. कुठं जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून उपास आणि सकाळी 'उगाच आपली खबरदारी' म्हणून चार वेळा संडास.

पुढच्या बऱ्याच भेटी मी एकाच ठिकाणी घुटमळत होते. शेवटी विचारलं, "मागं जायचात, तेव्हा परत येताना काय खायचात?"

"येताना होय? स्वारगेटला वडापाव खाऊन बसायचं. भूक लागलेली असायची ना."

"मग त्रास?"

बाई गप्प. नवरा उत्तर द्यायला सरसावला, त्याला मी हातानंच थांबवलं.

"नाही की हो," त्या म्हणाल्या. "येताना कधीच नाही. मग तेलकटानं होत नाही म्हणायचं!"

हे मी आधीही सांगू शकले असते, पण तेव्हा ते एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं गेलं असतं. बस तीच, रस्ता तोच, पोट तेच. फरक एवढाच, की जाताना कुणीतरी वाट बघत असायचं आणि येताना चुकून काही झालंच तरी घरीच जायचं असायचं. त्यांचं भांडण आतड्याशी नव्हतंच. 'मला मधे लागताच कामा नये' या हुकमाशी होतं, आणि उपास, गोळ्या, चार फेऱ्या ही सगळी त्या हुकमाची चाकरी.

"समजा, लागली. कंडक्टरला सांगितलंत, गाडी थांबली. मग?"

"चाळीस माणसं बघतील."

"बघतील. मग?"

"हसतील कुणी."

"मग?"

थोड्या वेळानं त्याच हसल्या. "मग काय, स्वारगेटला उतरून आपापल्या वाटेनं जातील. मला कोण ओळखतंय तिथं!"

'सकारात्मक विचार करा, काही होणार नाही' असं मी कधीच सांगत नाही. झालं तर निभावता येईल, हे पटावं लागतं. मग पुण्याच्याच वाटेवर आधी पाचवड, नंतर भुईंज, मग शिरवळ असं ठरलं. साध्या लाल गाडीनं, नाश्ता करून, सलवार घरी ठेवून.

मधेच दिरानं ऑनलाइन मागवलेली चिनी औषधाची बाटली निघाली. चिनी वैद्यक अशा पोटाबद्दल म्हणतं, की यकृत प्लीहेवर कुरघोडी करतंय. त्यांचं यकृत म्हणजे सोनोग्राफीतलं लिव्हर नव्हे. दाबून ठेवलेली चिडचिड तिथं साठते आणि पचनाला छळते, असं ते मानतात. मला हे आवडतं, लपवत नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियात ११६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. चिनी वनौषधींनी नकली औषधापेक्षा जास्त आराम पडला. पण उपचार थांबल्यावर १४ आठवड्यांनीही तो टिकला, तो ज्यांना तपासून प्रत्येकाचं वेगळं औषध बांधलं होतं त्यांचाच. मला त्यात औषधाइतकंच ते नीट विचारपूस करणं दिसतं. हा माझ्या धंद्याचा पक्षपात समजा. ॲक्युपंक्चरच्या खऱ्या सुया नकली सुयांहून सरस ठरल्या नाहीत, असं २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. बाईंच्या बाटलीवर तर घटकच छापलेले नव्हते. मी ती डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी बंद केली.

खाण्याचं थोडक्यात. कांदा, लसूण, गहू, राजमा यांनी काहींचं पोट फुगतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठानं यावर आहाराची पद्धत बसवली आहे. पण त्यात हे पदार्थ काही आठवडेच बंद ठेवून मग एकेक परत आणायचे असतात, तेही आहारतज्ज्ञाला विचारून. आमच्याकडची मंडळी मऊ भातावर वर्षं काढतात. इसबगोल बऱ्याच जणांना मानवतो, गव्हाचा कोंडा उलट त्रास देऊ शकतो.

बाई पुण्याला जाऊन आल्या, विनाथांबानंच. बोगद्यात पोट गुरगुरलं, घाम फुटला. त्या बसून राहिल्या आणि शिरवळ येईतो कळ ओसरली. त्रास अजून होतो, महिन्यातून एखाद्या वेळी. मुलाच्या खोलीचा पसारा बघून डोकं उठलं, ही तक्रार मात्र नवी.

शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, ताप, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर माझ्याकडे नंतर या. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे.